खेळणाऱ्या पोराच्या डोक्यात मराठीचं पुस्तक कसं शिरेल

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा नववीत आहे, तासगावकडं राहता, पोरगं खो-खो खेळतं आणि विभागापर्यंत जाऊन आलंय. पहिल्या सत्रात मराठीला ८० पैकी २७ पडले. धडा काढला की त्याला तहान लागते, कविता काढली की जांभया. तुम्ही विचारलंय की दहावीचं वर्ष तोंडावर आहे तर खेळ बंद करावा का, आणि नाही करायचा तर या मराठीचं काय करायचं, कारण मातृभाषेतच ही गत म्हणजे बाकी विषयांचं काय.

मी सांगली जिल्ह्यातच २९ वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं खो-खोची टीमही माझ्याच गळ्यात होती, कारण शाळेला पीटीचे सर नव्हते आणि मी कॉलेजला असताना थोडंफार खेळायचो हे कुणीतरी हेडसरांच्या कानावर घातलं. त्यामुळं सकाळी पावणेसातला मैदानावर आणि साडेअकराला वर्गावर तीच पोरं, हे मी फार वर्षं बघितलंय. तेवढ्या जोरावर बोलतोय.

खेळ बंद करू नका. आता तुम्ही म्हणाल मास्तर लोक असंच बोलतात, खेळानं शिस्त लागते, मन ताजं राहतं वगैरे. ते सगळं राहू दे बाजूला. माझं कारण व्यवहाराचं आहे. तुमच्या पोराकडं मराठी आहे, भरपूर आहे, फक्त ती सगळी मैदानावर आहे, आणि पुस्तकाजवळ येताना तो ती चपलेसारखी बाहेर काढून ठेवतो. खेळ बंद केला तर ती पण जाईल आणि पुस्तकातली तर आलेली नाहीच.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून एवढं ठामपणे सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एक पोरगं होतं, पाठलागाला असा की समोरच्या टीमचे सर आधी त्याचंच नाव विचारायचे. चाचणीत मराठीत गेला. मी म्हटलं ती कविता तोंडपाठ म्हणून दाखवल्याशिवाय जिल्ह्याला नेणार नाही. पठ्ठ्यानं तीन दिवसांत अख्खी पाठ केली, एक शब्द चुकला नाही, मी पण खूष, नेला त्याला. पुढं कैक वर्षांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांत भेटला, आता अडतीचा धंदा करतो, पाया पडला आणि म्हणाला, "सर, ती कविता अजून पाठ हाय बघा. अर्थ तेवढा अजून म्हाईत न्हाई." हसलो दोघं, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. पोरानं माझी अट जिंकली होती, कवितेशी त्याची गाठ पडलीच नव्हती. खेळाची लालूच दाखवून पाठांतर करून घेणं किंवा मार्क पडले नाहीत म्हणून खेळ काढून घेणं, दोन्ही सारखंच, पोराला एवढंच कळतं की कविता म्हणजे मैदानाच्या फाटकाला लावलेलं कुलूप.

मग चालतं काय ते सांगतो. एकदा तालुक्याला शेवटच्या पाळीत एका गुणानं हरलो. परत येताना एसटीत सगळी पोरं गप्प. शेवटच्या गड्यामागं जो होता त्याला मी विचारलं, अरे हातभर अंतरावर होता, सुटला कसा? रागावून नाही, खरंच कळलं नव्हतं मला. तो म्हणाला, "सर, त्याचा खांदा डावीकडं हुता, पण पायाचा अंगठा उजवीकडं हुता. मी खांद्याला भुललो."

मी टीमच्या यादीच्या मागं ते लिहून घेतलं. हे वाक्य बोललेल्या पोराला दोन दिवस आधी वर्गात विचारलं होतं की या धड्यात लेखकाचा उपरोध कुठं दिसतो, तर मान खाली घालून उभा होता. आता बघा, उपरोध म्हणजे दुसरं काय असतं? समजा लेखक लिहितो की पाहुणे फार भिडस्त, पंधराच दिवस राहिले. वाक्याचा खांदा कौतुकाकडं आहे आणि अंगठा भलतीकडंच. दुसऱ्या दिवशी वर्गात मी एवढंच विचारलं, या परिच्छेदात खांदा कुठं आणि अंगठा कुठं? तो उठला, फळ्यापर्यंत गेला, आणि तीन वाक्यं दाखवली. तिसरं मला स्वतःला दिसलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात हाच शब्द चालू झाला. रूपक, उपरोध, कवितेतला आडवळणी अर्थ, सगळ्याला पोरं म्हणायची सर इथं खांदा वेगळा आहे. परीक्षेत अर्थातच खांदा-अंगठा लिहू नका असं बजावून सांगावं लागायचं, एकानं लिहिलंच होतं, जाऊ दे.

तर तुम्ही पहिलं काम हे करा. पोराला पुस्तक वाच म्हणू नका. मॅच सांगायला लावा. कोण जिंकलं ते नको, एकच क्षण घ्यायचा, दहा सेकंदांचा, आणि तो सावकाश सांगायचा, कोण कुठल्या चौकोनात बसलेला, तोंड कुणीकडं, आवाज आधी आला की हात, समोरचा काय दाखवत होता आणि काय करत होता. तो बोलेल तसं लिहून घ्या, शुद्ध करत बसू नका, 'हुता'चं 'होता' नंतर करता येतं. चार-पाच वेळा झालं की कवितेची एक ओळ समोर ठेवा आणि तसंच विचारा. अख्खी कविता नाही, एकच ओळ. रसग्रहणाच्या प्रश्नाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशी तीन अंगं मागतात, गाईडमध्ये त्याची साचेबंद वाक्यं असतात आणि पोरं ती ओततात. खरं तर त्याच्यासाठी ते सोपं आहे. आशय म्हणजे मॅच कशाची होती आणि पणाला काय लागलं होतं. काव्यसौंदर्य म्हणजे खांदा आणि अंगठा. भाषा म्हणजे हेच शब्द का, हीच चाल का.

चालीवरून आठवलं. मोठा अभंग असतो ना, त्यात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकडे मांडून शिकवलं आणि वर्षानुवर्षं पोरं विसरली. एका वर्षी कबड्डीची पोरं वर्गात जास्त होती तेव्हा म्हटलं चला, दम धरा, एका दमात किती चरण जातात बघू. बाकं ठोकत म्हणायला लागली. एक जण म्हणाला, सर चौथ्याला आपोआप थांबायला होतंय, तिथं श्वास घ्यायची जागा ठेवलीय. बरोबर आहे की! चालत चालत म्हणायची वस्तू आहे ती, टाळ वाजवत वारीत, श्वास घ्यायला जागा नको का? आणि हे काही मी ओढूनताणून जोडलेलं नाही, तुकोबांच्या गाथेत चेंडूफळीवर, विटीदांडूवर, हमाम्यावर, फुगडीवर अभंग आहेत. संतांना खेळाचं वावडं नव्हतं, ते आपल्या शाळांना झालं.

शब्दांचं तर विचारूच नका, अलंकार-व्याकरण राहिलं बाजूला, नुसते शब्द घ्या. क्रिकेट इंग्रजांचं, पण आपण त्यातला माणूस बाद कसा केला बघा, पायचीत, धावचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत. हे चीत कुठलं? तालमीतलं. पाठ मातीला लागली की चीत. म्हणजे ज्यानं कुणी हे शब्द घडवले त्याच्या डोक्यात स्टंप उडाला तरी पैलवानच आडवा होत होता. गोलंदाज तर मूळचा तोफखान्यातला, गोळा डागणारा. लोण हा शब्द आट्यापाट्यातला आणि कबड्डीतला, आणि पेपरात रोज येतं आंदोलनाचं लोण जिल्हाभर पोचलं म्हणून. शड्डू ठोकणं, अस्मान दाखवणं, कुरघोडी करणं, कोंडी फोडणं, ही सगळी वाक्प्रचाराची यादी पोरं रट्टा मारून पाठ करतात आणि त्यातलं निम्मं त्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी मैदानावर अंगानं केलेलं असतं. मजा म्हणजे खो चं. मैदानात खो दिला की खेळ पुढं जातो, आणि बोलण्यात कुणाच्या कामात खो घातला की काम अडतं. असं उलटं का झालं असेल यावर आमच्या वर्गात एकदा अख्खा तास गेला. निकाल लागला नाही. पण त्या दिवशी जांभई कुणी दिली नाही हे नक्की.

आता वाचायला काय द्यायचं. इथं पालक एक चूक करतात, खेळणारं पोरगं म्हणून खेळाडूंची चरित्रं आणून देतात, गरिबी, कष्ट, पदक, संपलं. पाच वाचली की सहावं न वाचताच कळतं. त्यापेक्षा साहित्यात खेळ कुठं लपलाय ते दाखवा, तेही तुकड्या-तुकड्यानं.

मी वर्गात सगळ्यात जास्त वेळा वाचून दाखवलेला तुकडा अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याचा. पुलंनी त्याचं मराठी केलंय, 'एका कोळियाने'. त्यात गळाला मोठा मासा लागलेला, समुद्रावर एकटा पडलेला तो म्हातारा जुनी गोष्ट आठवतो, तरुणपणी एका गोदीतल्या धिप्पाड गड्याशी पंजा लढवला होता त्याची. कोपर टेबलावर टेकलेलं, पंजे अडकलेले, आणि कुस्ती एक दिवस एक रात्र चालते. पहिले आठ तास झाल्यावर दर चार तासांनी पंच बदलतात, कारण पंचांना झोप पाहिजे. नखांतून रक्त येतं. आणि सोमवारी सकाळी पैज लावणारी माणसं म्हणायला लागतात, बरोबरीत सोडवा, आम्हाला कामावर जायचंय, गोदीवर साखरेची पोती चढवायला. साखरेची पोती! आमच्याकडं अर्ध्या वर्गाचे बाप कारखान्याला किंवा उसाच्या तोडीत. क्युबातली गोष्ट एकदम वाळव्यात आली. वाचून संपायच्या आत मागच्या तीन बाकांवर पंजा सुरू झालेला, मी पण थांबवलं नाही. नंतर विचारलं, लेखकानं ही पंजाची गोष्ट मासा ओढत असतानाच का आणली असेल? उत्तर आलं, "सर, हात तोच हाय की." याच्यापुढं मी काय शिकवणार.

त्याच पुस्तकात तो म्हातारा सारखी डिमॅजिओची आठवण काढतो, अमेरिकेतला बेसबॉलचा मोठा खेळाडू, बाप कोळी होता त्याचा, आणि टाचेचं हाड वाढल्यामुळं तो दुखत दुखत खेळायचा. पोरांना बेसबॉल माहीत नसतो. पण दुखऱ्या टाचेनं खेळणं काय असतं ते तुमच्या पोराला विचारा. खेळ परका असला तरी अडत नाही, दुखणं ओळखीचं असलं की पुरतं. आणि हे पुस्तक आलं १९५२ साली, म्हणजे ज्या साली आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. असे दोन-चार साल जुळवून दिले की पोरांच्या डोक्यात ते घट्ट बसतं, निदान माझ्या अनुभवात तरी.

खाशाबांवरून अजून एक. १९४८ ला लंडनला ते गेले तेव्हा सहावे आले, सगळं आयुष्य मातीत खेळलेला माणूस आणि तिथं मॅट. त्याच लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कवितेला पण पदकं होती. खोटं वाटेल, पण १९१२ ते १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये साहित्य, संगीत, चित्र, शिल्प, वास्तुकला यांच्या स्पर्धा व्हायच्या आणि खेळाडूंसारखीच पदकं मिळायची. अट एवढीच की विषय खेळाचा पाहिजे. पहिल्याच वर्षी, स्टॉकहोमला, साहित्याचं सुवर्ण एका कवितेला मिळालं, खेळाला उद्देशून लिहिलेल्या स्तोत्राला, आणि मागाहून कळलं की दोन खोट्या नावांखाली ती लिहिणारा माणूस म्हणजे खुद्द कूबर्तँ, ज्यानं आधुनिक ऑलिंपिक सुरू केलं तोच. हे सांगितलं की वर्गात पहिला प्रश्न ठरलेला, सर मग ते चीटिंग नाही का? झाला तुमचा स्वमताचा प्रश्न तयार, बाजू घे आणि लिही.

होमर या जुन्या ग्रीक कवीच्या इलियड या युद्धकाव्याचा शेवटाकडचा एक भाग पण असाच. मित्राच्या अंत्यविधीनंतर अकिलीस स्पर्धा भरवतो, रथ, धावणं, कुस्ती, सगळं. कुस्ती लागते एजॅक्स आणि ओडिसियसची, एक ताकदीचा, एक डावाचा. ओडिसियस मागून गुडघ्याच्या लवणीत टाच मारून पाडतो. दोघं धुळीनं माखतात, तिसऱ्यांदा धरायला जातात तेव्हा अकिलीस मध्ये पडतो आणि बक्षीस सारखं वाटून देतो. कुठल्याही यात्रेच्या फडात बघा, जोड तुल्यबळ निघाली आणि दिवस मावळायला आला की पंच हेच करतात. आणि धावण्याच्या शर्यतीत दुसरा एक एजॅक्स पुढं असताना बैलाच्या शेणावरून घसरतो, तोंडात शेण जातं, सगळे योद्धे हसतात. जगातल्या सगळ्यात थोर काव्यात ही जागा आहे. ज्या पोरांना वाटतं साहित्य म्हणजे गंभीर तोंड करून बसायचं, त्यांना आधी हे शेण दाखवावं.

जपानचा एक कवी सांगतो आणि परदेश आवरता घेतो. मासाओका शिकी, हायकूला, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या जपानी कवितेला, नवं वळण देणारा. त्याला बेसबॉलचं वेड होतं, बेसबॉलवर कविता लिहिल्या, आणि त्या खेळातल्या इंग्रजी शब्दांना जपानी शब्द तयार केले. टीबीनं ३४ व्या वर्षी गेला, १९०२ साली, आणि २००२ मध्ये जपाननं त्याला बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात घेतलं. कवीला, खेळाडूंच्या रांगेत. मला यातलं शब्द घडवण्याचं काम फार आवडतं. तुमच्या पोराला गृहपाठ द्या, जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही भारतानं जिंकले, दोन्ही फायनल नेपाळशी. आता हा खेळ बघणाऱ्या परक्या माणसाला सूर मारणं, साखळी, खांबावर फिरणं हे शब्द समजावून सांग, एक-एक वाक्यात. बसेल घाम पुसत. व्याख्या लिहिणं म्हणजे काय हे त्याला असं कळेल.

आणि हे सगळं वाचायला ग्रीस-जपानच गाठायला पाहिजे असं नाही हो. बनगरवाडी घरात असेल किंवा शाळेच्या कपाटात नक्की असेल. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, १९५५ ची, आटपाडीकडच्या धनगरी मुलखातली. त्यातला मास्तर वाडीला जमवून काय बांधतो? देऊळ नाही, तालीम. सगळी वाडी श्रमदानानं ती उभी करते आणि उद्घाटनाला राजा येतो. तो औंधचा राजा, आणि आटपाडीचा मुलूख खरंच औंध संस्थानात होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेला माणूस, संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. हे माहीत असलं की तालमीच्या उद्घाटनाला तो राजा येणं याला वेगळाच अर्थ येतो. सुट्टीत एकदा औंधला घेऊन जा, खटाव तालुक्यात आहे, यमाईचं देऊळ आणि म्युझियम दोन्ही होतं, आणि जाताना गाडीत फक्त तालमीची प्रकरणं वाचायला द्या. सगळी कादंबरी वाच म्हणू नका. मी असं सांगितलेल्या पोरांतली काही पुढचं स्वतःहून वाचतात, काही नाही वाचत. नाही वाचलं तर नाही.

बरं, मार्कांचं. तुमची खरी काळजी तीच आहे आणि त्यात गैर काही नाही. ८० चा पेपर कसा फुटतो बघा, गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. वरचे २० अंतर्गत. तुमच्या पोराचे मार्क बहुतेक पद्यात जात नसतील, मी पैज लावतो उपयोजितला जात असतील, कारण तिथं पानं भरायची असतात आणि खेळणाऱ्या पोरांना लिहायचा कंटाळा. पण बातमी, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन हे सगळं तिथंच असतं आणि हेच त्याचं मैदान आहे. पहिल्या महिन्यात फक्त या २४ वर काम करा. ८० पैकी २७ वरून ४० वर न्यायला एवढं पुष्कळ होतं, आणि मार्क वाढले की पोरगं स्वतःच कवितेकडं वळून बघतं, आधी नाही.

बातमी कशी शिकवायची याचा माझा एक ठरलेला नमुना. विजय हजारे, जन्म सांगलीचा, १९१५. १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५. एकाच कसोटीत दोन्ही डावांत शतक काढणारे पहिले भारतीय. समोर ब्रॅडमनची टीम. आणि ती मॅच आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो. आता पोराला म्हणायचं, बातमीचं पहिलं वाक्य लिही. हरलो इथून सुरू करशील की दोन शतकांपासून? सांगलीच्या पेपरात काय छापून येईल आणि अ‍ॅडलेडच्या पेपरात काय? मग तीच गोष्ट कथा म्हणून लिही, तिथं पहिलं वाक्य कुठलं? कदाचित संध्याकाळी ड्रेसिंग रूममध्ये पॅड सोडणारा माणूस, आकडा एकही नाही. बातमी आणि कथा यातला फरक मी व्याख्या देऊन कधीच शिकवू शकलो नाही, या एका मॅचवर शिकवला. मुलगी असेल घरात तर तिला अदिती स्वामीचं द्या, साताऱ्याची, २०२३ ला बर्लिनला वयाच्या १७ व्या वर्षी तिरंदाजीची वैयक्तिक वर्ल्ड चॅम्पियन. किंवा माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचं, जी शाळेत खो-खो खेळायची आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला धावून दहावी आली. दहावी आलेल्याची बातमी कशी लिहायची, हा तर अजून अवघड आणि चांगला प्रश्न आहे.

आत्मकथनाला मात्र मी नदीचं मनोगत आणि फाटक्या पुस्तकाचं मनोगत या दोन्हीवर बंदी घातलेली होती. खांबाचं लिहा म्हणायचो. दिवसभर पोरं येऊन आदळतात, वळसा घालून जातात, कुणी थांबत नाही. एका मुलीनं लिहिलं होतं की मॅच हरल्यावर एक जण परत येऊन मला टेकून उभी राहिली, एवढंच. दहा वर्षांत त्याच्यापेक्षा चांगलं वाक्य माझ्या तपासणीत आलं नाही.

वेळेचं म्हणाल तर सराव झाल्यावर लगेच पुस्तक देऊ नका, अंग तापलेलं असतं, डोकं ठिकाणावर नसतं, जेवण झालं की झोपच येणार. सकाळी सरावाच्या आधी वीस मिनिटं, तीही वाचून दाखवायची, म्हणजे तुम्ही वाचा, तो बूट बांधत बांधत ऐकेल. हसू नका, कविता कानानंच आत जाते, आणि तुम्हाला वाचताना अडखळलेलं बघून त्याची भीती पण मोडेल. आईनं वाचलं तर अजून बरं. मोबाईलवरचे तयार व्हिडिओ, पूर्ण धडा दहा मिनिटांत वगैरे, ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ठीक.

एक कागदाचं काम पण आत्ताच करून ठेवा. दहावीला खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीप्रमाणे सवलतीचे गुण मिळतात, पण ते आपोआप मिळत नाहीत, शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत बोर्डाकडं प्रस्ताव जावा लागतो आणि मुदत असते. सर्टिफिकेटवर नाव, जन्मतारीख, स्पर्धेची पातळी नीट आहे का बघा. मागं एका शाळेत पोराच्या नावातला एक काना चुकला होता तेवढ्यावरून फाईल परत आली आणि मुदत गेली, बाप माझ्यासमोर रडला होता. लॅमिनेशन करू नका, मूळ प्रत आणि चार झेरॉक्स वेगळ्या फाईलला.

आणि या रविवारी त्याला घेऊन मैदानाच्या कडेला बसा, चहा घ्या, आणि विचारा की विभागाच्या मॅचला शेवटच्या मिनिटात काय झालं होतं. मध्ये बोलू नका. बोलेल तसं लिहून घ्या, तारीख टाका, आणि दोन-तीन आठवड्यांनी मला तो कागद पाठवा, चुका तशाच ठेवून.